भिंतीवरचं माझं नाव

प्रिय आई,

तुला चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते आहे. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. मी कांदिवलीला मैत्रिणीकडे, मानसीकडेच आहे. जेवते नीट, काळजी करू नकोस.

पंधरा दिवसांपूर्वी आमच्या हॉस्पिटलात जयंतीबाई नावाच्या आजी आल्या. पोटरीवर भाजल्याची तळहाताएवढी जखम, पिकलेली. माझ्या कोटावरचं नाव वाचून म्हणाल्या, "अगं बाई, घाटकोपरच्या चेतना मॅडम तुम्हीच ना? फ्रेममधल्या फोटोत तर चांगल्या गुबगुबीत दिसता!" मी आधी हसले. घाटकोपरला मी कधी कामच केलेलं नाही. तिथे तू आहेस, मधुकर सरांच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये, नऊ वर्षं, झाडूपोछा करायला आणि शेकाच्या पिशव्या गरम करायला.

त्याच संध्याकाळी मी तिथे गेले. तू घरी निघून गेली होतीस. भिंतीवर माझं फिजिओथेरपिस्ट म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र होतं आणि त्याला दसऱ्याचा वाळलेला झेंडूचा हार. दोन फुलांआड आंब्याचं पान तूच ओवतेस. सरांकडे स्वतःचा परवाना नाही गं. माझ्या नोंदणीच्या नंबरावर ते सेंटर चालू होतं.

मार्चमध्ये तू तो कागद मागितलास, शेजारच्या बायकांना दाखवायला. मी कुरकुरले तर म्हणालीस, "झेरॉक्स काढून कागद झिजतो काय?" मला वाटलं, आपल्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, मिरवू दे आईला. सर म्हणाले असतील, शकुमावशी, तुमच्या पोरीचं नाव भिंतीवर लावतो. तुला तो मान वाटला असेल. पण आठ महिने, आई! रोज ती काच पुसायचीस आणि घरी येऊन मला विचारायचीस, आज किती पेशंट होते? नुसता मान असता तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस. तू गप्प राहिलीस, म्हणजे तुला कळत होतं. मला तेच सहन होत नाही.

जयंतीबाईंना साखर आहे, पाय बधिर आहेत. शेक देण्याआधी कातडीला गरम-गार कळतं का ते तपासायचं, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. तिथे कुणी तपासलं नाही. त्यांच्या मुलाने आमचे परवाने देणाऱ्या कौन्सिलकडे तक्रार केली आणि काल माझ्या नावाने नोटीस आली. माझा परवाना जाऊ शकतो.

सोमवारी मला लेखी उत्तर द्यायचं आहे. प्रमाणपत्र तिथे कसं गेलं? मी लिहिणार, आईने नेलं, तिथे लावणार हे मला न सांगता. त्यात बदल होणार नाही, रडू नकोस. दुसरा प्रश्न, शेक कुणी दिला? जयंतीबाई पालथ्या झोपल्या होत्या. तोंड दिसलं नाही म्हणतात, हातातल्या बांगड्या वाजत होत्या तेवढं आठवतं. त्यापुढे मी लिहिणार, मला माहीत नाही. आज ते खरं आहे. सोमवारपर्यंत ते खरंच राहायला हवं, मला खोटं लिहिता येत नाही. म्हणून हे पत्र. फोन करू नकोस, इथे येऊ नकोस. मला काहीही सांगू नकोस, आई.

तुझीच,
चेतना