९६९९६९ मिनिटं

४ नोव्हेंबर

या हातांनी केलेलं: सहा पितळी चाकं. त्यांचे दाते. दाते सारख्या अंतरावर पाडायची भोकांची डिव्हायडिंग प्लेट. लाकडी चौकट. पाटीवरची अक्षरं. विकतचं फक्त घड्याळ – ते दर मिनिटाला सगळी चाकं एकेक दाता पुढे ढकलतं.

दाते ७, ११, १३, १७, १९, २३. सगळ्या मूळ संख्या! गुणाकार ७४३६४२९. प्रत्येक चाकावर एक पांढरा ठिपका. गेल्या वर्षी १ जानेवारीला, संध्याकाळी पाचला, सहाही ठिपके वर ठेवून सुरू केलं. पुन्हा सहाही एकदम वर यायला तेवढीच मिनिटं – चौदा वर्षं. पाटीवर तसंच कोरलंय. आठवी नापास माणसाने!

दहा तारखेला संग्रहालयाच्या बाई बघायला येणार. विकत घ्यायचा विचार आहे त्यांचा, पाच लाखांना.

ही म्हणते, "चौदा वर्षांनी माझे गुडघे मला या खोलीपर्यंत आणतील का?"

६ नोव्हेंबर

सकाळी ही फडकं हातात घेऊन आली. "अहो, सगळे ठिपके वर आले होते!"

धावलो. कुठलं काय! भास झाला म्हटलं.

"मला सहापर्यंत मोजता येतं. सात वाजून नऊ मिनिटं झाली होती."



७ नोव्हेंबर

तिला खोटं पाडायला हिशेब मांडला. सुरुवातीपासून सात नऊपर्यंत ९६९९६९ मिनिटं. उलटं वाचलं तरी तेच. ९६९ दोनदा लिहिलेले, म्हणजे १००१ने भाग जाणारच – म्हणजेच ७, ११ आणि १३ने. उरले ९६९. तीन गुणिले सतरा गुणिले एकोणीस.

पेन थांबलं. असा आकडा उगाच येत नाही. पण तेवीस कुठे गेले? आणि हे तीन कुठले? सात त्रिक एकवीस –

उठलो. मोठ्या चाकाचे दाते मोजले. एकवीस. खडूची खूण करून पुन्हा. एकवीस.

प्लेटवर तेविसाच्या शेजारीच एकवीस भोकांची ओळ. पिन एक ओळ आत पडली होती. प्लेटही माझीच!

८ नोव्हेंबर

हिला सांगितलं. टोमण्याची तयारी ठेवून. आला नाही.

"हाक मारेपर्यंत सरकले. एकटीनेच बघितले," म्हणाली. मग, "आता परत कधी?"

सहा तारखेपासून ६७४व्या दिवशी, नऊ सप्टेंबर, रात्री नऊ अठरा. त्या वर्षाचं कॅलेंडर अजून छापलेलं नाही. तिने भिंतीवरच पेन्सिलने लिहून ठेवलं.

९ नोव्हेंबर

नवी पाटी कोरली.

१० नोव्हेंबर

बाई आल्या. चूक मीच सांगितली, दाते मोजून दाखवले. त्या म्हणाल्या, "एका दिवसाचं तर काम. तेवीसचं चाक बसवा, पहिल्यापासून सुरू करून द्या."

एका दिवसाचंच आहे, खरं.

नाही म्हणालो. पाच लाख.