एका खोलीतली साखर

६ एप्रिल २००२
सहाच्या सहा जणांना साखर! आणि सहाही एकाच खोलीतले! कंपनीचे डॉक्टर हमदुल्ला लघवीच्या तपासणीचे निकाल घेऊन माझ्याकडेच आले. "ये कैसे हो सकता है?" मला काय विचारता? मी ऑफिसात टायपिंग करते!

पण ही तपासणी माझ्याच गळ्यात पडलीय ना. आमचे मॅनेजर अन्वरसाहेब कुठल्याशा सेमिनारला जाऊन आले आणि तेव्हापासून एकच जप — जवान लडकों की सेहत में पैसा डालो, कंपनी की तरक्की, मुल्क की भी तरक्की. वर मला म्हणाले, "स्वप्नाली, तुम मराठी हो. कॅम्प के लडके तुम्हारी बात मानेंगे." मी शारजात वाढलेली, गाव फक्त सुट्टीत पाहिलेलं! तरी कामगारांच्या त्या कॅम्पवर गेले. घाबरू नका, कुणालाही घरी पाठवणार नाहीत, असं छातीठोकपणे सांगून आले. साहेबांनीच तसं सांगितलं होतं.

७ एप्रिल
साखर एकापासून दुसऱ्याला लागते का? डॉक्टरांना विचारलं. हसले. नाही म्हणे. मग टाकीचं पाणी? खाण्याचं तेल?

कॅम्पवर स्वयंपाक करणाऱ्या प्रल्हादला फोन केला. भडकलाच. "मॅडम, चहाला साखर पुरत नाही इथं, यांच्या अंगात कुठून येईल?" आई म्हणते, आंब्याचे दिवस आहेत, गावाहून पेटी आली असेल. तेही विचारलं. आंबा नाही.

९ एप्रिल
डोकं चालत नाही.

१२ एप्रिल, शुक्रवार
आज सुट्टी, म्हणजे पोरं खोलीवर असणार. बाबांना घेऊन कॅम्पवर गेले. खोलीत सगळ्यांत मोठे दौलतदादा, तेच या शटरिंगच्या टोळीचे मुकादम. चहा दिला. इकडची तिकडची चौकशी झाली. मग खाली बघत म्हणाले, "ताई, तुमच्यापासून काय लपवायचं? आम्हाला वाटलं, काही निघालं की यल्ला, बॅग भर! म्हणून सगळ्यांच्या बाटल्यांत सोमनाथचीच भरली. त्याच्यासारखी तब्येत आहे का कुणाची? गावाकडं कबड्डीत तिघांना ओढत आणायचा!"

मी इतकी हसले की चहा सांडला. आंबे काय, तेल काय, आणि प्रल्हादच्या शिव्या फुकटच्या खाल्ल्या!

मग सोमनाथकडे लक्ष गेलं आणि हसू तिथंच थांबलं. एकवीस वर्षांचा. कॉटवर बसून मोठ्या बाटलीतून पाणी पीत होता, संपली तशी दुसरी घेतली. पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलेलं. "उन्हामुळं तहान लागते, ताई," म्हणाला. आणि मग, "म्हणजे ती साखर माझीच का?"

बाबा म्हणाले, उद्या डॉक्टरांना भेट.

१३ एप्रिल
डॉक्टर हमदुल्लांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी सोमनाथच्या बोटातून रक्त काढलं. आजच्या आज इंजेक्शन सुरू, आणि आता रोज घ्यायचं. "यहाँ रहेगा तो मैं देखूँगा. गाँव में कौन देखेगा?" त्याच्या गावात साधा कंपाउंडरही नाही म्हणे.

दुपारी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. बाटल्यांचं काही बोलले नाही, फक्त विचारलं, सर, छह में से एक को ही निकले तो?

"एक? उसको भेज दो. खलास."

आपने तो कहा था किसी को नहीं भेजेंगे!

"छह हों तो सोचना पडेगा. पूरी टीम है, मरीना की बिल्डिंग का काम रुक जाएगा. एक के लिए कौन सोचता है?"

आणि ते सेहत में पैसा, सर?

"बीमार में नहीं, तंदुरुस्त में!" वर सोमवारी सहाही जणांची पुन्हा तपासणी करायला सांगितलं.

मला काही कळेनासं झालंय. तंदुरुस्त माणसाला कशाला हवाय पैसा? आणि मी खरं बोलले तर कुणाचं भलं होणार आहे? रडू येतंय नुसतं.

१५ एप्रिल
सकाळी कॅम्पवर बाटल्या वाटल्या. प्रत्येकाला बजावलं — ज्याची त्यानंच द्यायची. आता मी काही पुरुषांच्या बाथरूमच्या दाराशी उभी राहू शकत नाही! दौलतदादांनी विचारलं, "एकट्या सोमनाथलाच निघाली तर?" मला खोटं बोलता येईना. साहेब जे म्हणाले ते सांगून टाकलं. सोमनाथ म्हणाला, "मी जातो की घरी, ताई, माझ्यापायी कुणाला त्रास नको." दौलतदादा त्याच्यावर खेकसले, "गप बस तू!"

१६ एप्रिल
परत सहाही जणांना. डॉक्टर हमदुल्लांनी निकाल दोनदा वाचला, माझ्याकडे न बघता सही केली. साहेब वैतागून म्हणाले, "अब छह को कैसे भेजूँ? इलाज यहीं कराओ."