कोल्हार ते लुंबिनी, जीपने

कोल्हार, जि. अहमदनगर
६ ऑक्टोबर १९९६

चि. सौ. जयमालास,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे आम्ही खुशाल. जावईबापूंची फॅक्टरीतली रात्रपाळी संपली का, ते कळव.

विशेष म्हणजे मी जीप घेतली. जुनी आहे, पण मच्छिंद्र मिस्त्रीने इंजिन उघडून बघितलं आणि तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत म्हणाला. एस.टी.तून रिटायर झाल्यापासून हाताला चैन नव्हतं. आता जानेवारीत तुझी आई, आपली धाकटी दीपा आणि मी याच जीपने नेपाळात, लुंबिनीला जाणार. जन्मभर गाडी चालवली, पण एस.टी.ने राज्याची हद्द कधी ओलांडू दिली नाही. आता देशाचीच ओलांडतो.

पहिला मुक्काम अजिंठा. हसू नकोस. शाळांच्या सहली घेऊन मी तिथं कितीदा गेलो, पण दर वेळी पोरं लेण्यात आणि मी गाडीखाली सतरंजी टाकून झोपलेला. एकही लेणं पाहिलेलं नाही. मग नागपूर. तुझी आई लहानपणी वडिलांचं बोट धरून तिथं दीक्षेला गेली होती, त्यानंतर पुन्हा जाणं झालं नाही. तिथून तुझ्याकडे जबलपूर, मग सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनी. बुद्धगया परतीच्या वाटेवर. तुला काही सुचत असेल तर लिही.

सर्वांवर माया आहेच, ती पत्रातून कळत राहो.
तुझे अण्णा (भीमराज)

---

जबलपूर
१९ ऑक्टोबर १९९६

आदरणीय अण्णा व आईस,
जयमालाचा सविनय जयभीम. वि. वि. पत्र वाचून हे इतके खूश झाले, की फॅक्टरीत सगळ्यांना सांगून आले, आमचे सासरे जीपने परदेशी निघालेत म्हणून.

मुक्काम छान ठरवलेत. त्यात भेडाघाट घाला. नर्मदेकाठी संगमरवराचे कडे आहेत, आईला नावेत बसवू. आणि माझ्याकडे दोन रात्री तरी राहिल्याशिवाय सोडणार नाही. जबलपूरच्या पुढे रस्ता निर्जन आहे आणि जानेवारीत तिकडे दाट धुकं पडतं, असं इथले ट्रकवाले सांगतात.

म्हणूनच एक लिहिते, रागावू नका. उन्हाळ्यात मी आले होते तेव्हा दिवेलागणीला तुम्ही अंगणात रंगनाथकाकांना हाक मारलीत, आणि ते काका नव्हते, दुसरेच कोणी होते. डोळे एकदा दाखवून घ्या. दीपाकडे लायसन्स आहे, श्रीरामपूरच्या दवाखान्यात ड्यूटीला ती स्वतः गाडी चालवत जाईल एवढी तयार आहे. अर्धा रस्ता तिला चालवू द्या ना.

चुकलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला.
तुमची जयमाला

---

कोल्हार
३ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. जयमालास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र पोचलं. भेडाघाट मंजूर.

डोळ्यांचं म्हणशील तर रंगनाथच आता इतका वाळलाय, की कोणालाही तो वाटावा. माझ्या छातीवर विनाअपघाताचा बिल्ला होता, हे तू विसरलीस. माझ्या गाडीत म्हाताऱ्याकोताऱ्या बिनघोर झोपायच्या. दीपा हुशार आहे, तिने नकाशा धरावा, थर्मासमधला चहा द्यावा. स्टेअरिंगला माझ्याशिवाय कोणी हात लावणार नाही. हा विषय इथे संपला.

शेजारच्या छबूबाई परवा आईला म्हणाल्या, लगीन ठरवायच्या वयात पोरगी जीप हाकती, हे काय बरं दिसतं व्हय? आईने त्यांना सरळ विचारलं, तुमी आजारी पडलात तर दवाखान्यात कोन नेनार?

दिवाळीचा फराळ पार्सलने पाठवतो. तुमची खुशाली येत राहू दे.
अण्णा

---

कोल्हार
१ डिसेंबर १९९६

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम. वि. वि. हे पत्र तुझ्यापुरतं ठेव.

अण्णांनी तुला काय लिहिलं ते आईने मला सांगितलं. खरं असं आहे, की तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात रविवारी त्यांनी मला जीपमध्ये बसवून अकोले तालुक्यात नेलं, भंडारदऱ्याच्या चढावर. गाडी मधेच उभी करायला लावली आणि मागे एक बोटही न सरकू देता पुढे काढ म्हणाले. माझ्याकडून तीनदा बंद पडली. असे ओरडले, की भाताच्या खाचरातल्या बाया उभ्या राहून बघायला लागल्या. चौथ्यांदा निघाली तेव्हा खिडकीबाहेर बघत राहिले. त्यानंतर दर रविवारी कुठला ना कुठला घाट असतो. वर म्हणतात, हे आपलं उगीच, चालवणार मीच आहे.

मला चालवायची फार इच्छा आहे गं. पण त्यांच्या हातून काढून घेऊन नाही.

भेटीची वाट बघते. ओढ आहे ती वाढावी.
तुझी दीपा

---

लुंबिनी, नेपाळ
१४ जानेवारी १९९७

चि. सौ. जयमालास,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि. पोचलो. तिघंही सुखरूप.

तुझ्या दारातून मी कसा रुबाबात निघालो ते तू पाहिलंस. पुढचंही माझ्याच हाताने कळवतो. रीवा मागे टाकल्यावर धुक्याने गाठलं. मला रस्त्याची कड दिसेना. दीपाने ब्रेक म्हणून ओरडल्यावर मी पाय दाबला. समोर बिनदिव्याची उसाची ट्रॉली उभी होती. हातभर अंतर राहिलं असेल. आई मागे बसली होती, तिने दीपाचा खांदा घट्ट धरला. मी गाडी बाजूला घेतली, उतरलो, पुढून वळसा घातला आणि दीपाला पलीकडे सरक म्हणालो. मग तिने पहिला गिअर टाकला.

तिथून इथवर सगळी गाडी तिने आणली. धुक्यात कुठे थांबायचं तेही तीच ठरवायची. पहिल्या दिवशी माझा पाय नुसताच ब्रेक शोधत होता. सारनाथ सोडल्यावर मी चक्क झोपलो. उठलो तेव्हा आई म्हणाली, घोरत हुता.

सोनौलीला सरहद्दीच्या नाक्यावर नेपाळचा अधिकारी माझ्या मिशा बघून माझ्याकडेच आला आणि ड्रायव्हर, गाडीचे कागद आण म्हणाला. मी सांगितलं, साहेब, मी पॅसेंजर आहे, ड्रायव्हर माझी मुलगी. त्याने दीपाचं लायसन्स उलटंपालटं करून बघितलं आणि कुठून आणली गाडी म्हणून विचारलं. ती अहमदनगर म्हणाली. त्याला ते कुठे आहे ठाऊक नव्हतं, तर तिने बॉनेटवर नकाशा पसरून दाखवलं. तो बघतच राहिला. पोरी, आयुष्यभर ड्रायव्हर म्हणून मला लोकांनी हाका मारल्या. तो शब्द पहिल्यांदाच दुसऱ्या कोणासाठी माझ्या तोंडून निघाला आणि माझी मान अशी ताठ झाली, की नाका ओलांडेपर्यंत खाली आली नाही.

इथे पिंपळाखाली वंदना घेतली. नंतर नांदेडकडचे लोक भेटले, बसने आलेले. त्यांना मी दीपा दाखवली, जीप दाखवली, अख्खा रस्ता सांगितला. मग पुण्याचे भेटले, त्यांनाही सांगितलं. शेवटी तुझ्या आईने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, अहो, लोक लांबून भगवान बुद्धांच्या दर्शनाला आलेत, तुमच्या लेकीच्या न्हाई.

तरी संध्याकाळपर्यंत मी आणखी दोघांना सांगितलंच.

जावईबापूंना जयभीम. जीव लावत आलात, तसाच लावत राहा.
तुझे अण्णा