परसातल्या रासबेरीची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा शिवणकाम (आता फक्त स्वतःची बटणे), कोणाच्याही दडपणाखाली नसताना आणि डोके पूर्ण ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डोक्याबद्दल शंका असेल त्याने डॉक्टरीणबाईंचा जोडलेला दाखला वाचावा आणि गप्प बसावे.

कलम १. राहते घर व बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एका मुलास. गुणी आहे, बापासारखाच टापटिपीचा.

कलम २. शिवणयंत्र व कात्र्या सूनबाईस. मोठ्या कात्रीने कागद कापू नये. माझ्या धाकट्या बहिणीस काही नाही. माझ्या रासबेरी जॅममधल्या बिया दातात अडकतात, असे ती चारचौघांत म्हणाली होती. बिया नकोत तर सरबत प्यावे.

कलम ३. परसातला रासबेरीचा वाफा. माझा सगळा जीव इथे अडकला आहे. आधी तोही मुलाच्याच नावे लिहिला होता. पण रासबेरीची काठी पहिल्या वर्षी नुसती वाढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि मग वाळते. छाटायची ती वाळलेली. गेल्या हिवाळ्यात माझा गुडघा धरला, म्हणून मुलाने मोठ्या हौसेने छाटणी केली आणि कोवळ्या काठ्यांसकट सगळा वाफा जमिनीबरोबर केला. यंदा वाफ्यात फळ दिसले नाही. लेकराला काय बोलणार? जॅमची बरणी विकत आणली.

आज मुलगा आणि कागद करायला आलेल्या वकीलबाई यांच्यासमोर साक्षीसाठी शेजारच्या सुतारास बोलावले. आमचे वैर जुने आहे. माझे कोंब कुंपणाखालून त्याच्या बाजूला गेले. मुळे माझी म्हणून फळे माझी, असे मी म्हणते. जमीन त्याची, असे तो म्हणतो. यंदा फळ धरले ते फक्त त्याच्या बाजूला, आणि रोज सकाळी तो वाडगा भरून कुंपणावर ठेवत होता. वर एक शब्द बोलला नाही, एवढे शहाणपण त्याच्याकडे आहे.

त्याने हे कलम (तेव्हा मुलाच्याच नावे होते) वाचले आणि पेन खाली ठेवले. वाफा मुलाकडे गेला तर त्यावर फरशी येईल, म्हणाला. मुलाने मान खाली घातली, म्हणजे ते खरेच होते. वकीलबाईंनी सुतारास बजावले, की साक्षीदाराने फक्त सही करायची. ज्याला काही मिळायचे आहे, त्याने साक्षीदार होऊ नये.

सुतार खुर्चीतून उठला. "मग मला साक्षीदार नका करू. वाटेकरी करा."

मी इतकी हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मुलाच्याही डोक्यावरचे ओझे उतरले. तेव्हा घर मुलाचे, पण वाफा व तिथवरची वाट सुतार जिवंत असेतो सुताराची. तो माझ्याहून मोठा आहे, हे वकीलबाईंनी हळूच सुचवले. त्याला विचारले, तर इतक्यात जायचा विचार नाही म्हणाला.

मृत्युपत्र मृत्यूनंतरच लागू होते, असेही वकीलबाई सांगतात. बाकीच्या कलमांचे तसेच होऊ द्या. कलम ३ उद्या सकाळपासून लागू. कुंपणाच्या दोन फळ्या त्यानेच काढाव्यात. चहा मी ठेवीन.

सही : शिवणवाल्या आजी

साक्षीदार (यांना या कागदाने काहीही मिळत नाही) :
१. डॉक्टरीणबाई
२. कोपऱ्यावरचा पाववाला

ठिकाण : माझे स्वयंपाकघर
दिनांक : ९ ऑगस्ट