ओटीतलं डाळिंब

आप्पा, गेल्या आठवड्यात अक्काच्या मुलीचं लग्न झालं आणि तुमच्या नातीच्या ओटीत डाळिंब गेलं. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहायला बसले. आई मांडवात सगळ्यांना कन्नडमधून दटावत फिरत होती, तेव्हा तिची काळजी नको.

कुंभारीच्या घरापुढं उकिडवे बसलेले तुम्ही मला अजून दिसता. दारातल्या डाळिंबाच्या फांदीची साल बोटभर सोलताय, त्यावर ओलं शेवाळ गुंडाळून सुतळीनं आवळताय. मुळं फुटली की फांदी कापायची आणि येईल त्याच्या हातात ती गुटी ठेवायची. भावकीतली लेक सासरी निघाली, तर नारळ-तांदळाबरोबर तिच्या ओटीत आपली गुटी हवीच. एकदा तुम्ही घरी नसताना पाहुण्यांना मी गुट्या संपल्या म्हणून वाटेला लावलं. संध्याकाळी चुलीपुढं भाकरी खाताना तुम्ही मला धारेवर धरलंत. "मागणाऱ्याला न्हाय म्हणतीस व्हय गं? झाड काय आपल्या एकट्याचं हाय?"

पुढं अशाच एका पाहुण्यानं प्रेमानं आणलेल्या गुट्या आपण बागेत लावल्या आणि त्यांच्याबरोबर तेल्या रोग आला. पानांवर तेलकट डाग, फळं काळी पडून तडकलेली. बाग काढावी लागली. दारातलं झाड तेवढं तुम्ही काढू दिलं नाहीत. पाहुण्याला मात्र शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाहीत, "त्यानं चांगल्या मनानं दिलं हुतं की," एवढंच. याचा मला तेव्हा लई राग आला होता. आता येत नाही.

आता मी डाळिंबाची रोपवाटिका चालवते आणि दिवसभर न्हाय म्हणायचं काम करते. औषधाच्या पाण्यात पाय बुडवल्याशिवाय आत यायचं न्हाय, स्वतःची कात्री आणायची न्हाय, शेजाऱ्याची गुटी लावायची न्हाय. एक म्हातारबा म्हणाले, "देवळात बी एवढं पाय धुत न्हाई आमी." मी म्हटलं, देवाला तेल्या होत नाही, आजोबा. हसले आणि पाय बुडवले. तुम्ही आला असता तर तुमचेही बुडवायला लावले असते.

लग्न ठरल्यावर अक्कानं दारातल्या झाडाची गुटी मागितली. नातजावयाची केम गावात डाळिंबाची बाग आहे, चांगली निरोगी. आपल्या झाडावर तर दर पावसाळ्यात डाग दिसायचे. मी नाही म्हटलं. "आप्पा असते तर दिली असती," अक्का म्हणाली. मी म्हटलं, आप्पांनाही देऊ दिली नसती. ती महिनाभर बोलली नाही. तिला एक गोष्ट ठाऊक नव्हती. तुमच्या झाडाचा कोवळा शेंडा मी आधीच प्रयोगशाळेत दिला होता. तिथं शेंड्याचा तिळाएवढा तुकडा काढून बाटलीत वाढवतात, रोग नाही ना ते तपासतात. आधीचे तुकडे बाटलीतच नासले होते, म्हणून कुणाला आशा लावली नाही. शेवटच्या खेपेची रोपं मात्र जगली, तपासणीत स्वच्छ निघाली आणि माझ्या शेडनेटमध्ये हातभर वाढली. मी अक्काला बोलावून दाखवली. तिनं पानावरून बोट फिरवलं. "आप्पांचंच हाय न्हवं?" व्हय म्हटलं. रडली, मग मला शिव्या घातल्या, आधी का सांगितलं नाहीस म्हणून.

दारातलं झाड मी काढलं, आप्पा, मुळासकट, आणि जाळलं. आई ओसरीवरून बघत होती. वाईट वाटलं, पण थांबले नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे मलाही कळतं. पण एक गोष्ट तुमच्यापाशीच बोलता येईल. ओटीत रोप ठेवताना पोरगी वाकली आणि माझ्या तोंडून तुमचंच बोलणं गेलं, "वाढलं की मागंल त्याला गुटी बांधून दे." मी, जी सगळ्यांना हेच करू नका म्हणून सांगते! तिनं मान डोलावली. तपासल्याशिवाय कुणाला देऊ नकोस, असं तिला फोन करून सांगायला हवं. रोज फोन हातात घेते, तिची खुशाली विचारते आणि ठेवून देते.