आभार मानले, पण मी कुठंही जात नाही

औरंगाबाद, गुलमंडी
बुधवार, सकाळ

तीर्थरूप व्यंकटमामांच्या पायांवर श्रीनिवासचं डोकं.

इथं मी खुशाल आहे. (खुशाल म्हणजे ताप-खोकला नाही. बाकीचं पुढं येतंच.) आपला गुडघा काय म्हणतो? पिशोरचा बाजार पायी करता की अजून गाडीतूनच? तांबडी गाय व्याली का? मामींना नमस्कार. मामा, आई गेल्यावर तुम्ही दोघांनी मला पोटच्या पोरासारखं वाढवलंत, त्याबद्दल आज मी तुम्हा दोघांचे मनापासून आभार मानतो.

घाबरू नका. पत्र खाली ठेवू नका आणि मामींना हाक मारू नका. मी कुठंही जात नाही, संन्यास घेत नाही, पलटणीत नाव घातलेलं नाही. हे आभार म्हणजे माझा एक नेम आहे. त्याचे फायदे पुष्कळ आहेत म्हणतात, आणि त्या फायद्यांनी सध्या माझी झोप उडवलीय.

झालं असं. कॉलेज सोडल्यापासून (सोडलं, काढलं नाही, प्रोफेसर चुकीचं शिकवत होते, एवढंच मी उभं राहून सांगितलं, जरा मोठ्यानं) मी बन्सीशेठच्या दुकानात कापड फाडतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. मागं एक मुलगी लुगड्याचा रंग गेला म्हणून तक्रार घेऊन आली. मी चिडलो. म्हटलं, रंग आमचा पक्का आहे, तुमच्या विहिरीचं पाणी खराब. ती तडक बाहेर गेली. समोरच्या हॉटेलातून बादली आणली, आमच्या थप्पीतलं कोरं लुगडं घेतलं नि भर गुलमंडीत बुडवलं. पाणी लालभडक झालं. मग म्हणाली, "आता हे हॉटेलवालेपण आमच्याच विहिरीचं पाणी भरतात का हो?" मामा, त्या क्षणी माझं काय झालं ते वडीलधाऱ्याला लिहिण्यासारखं नाही. तिचं नाव प्रमोदिनी. गोत्र वेगळं आहे, मी आधीच विचारून घेतलंय.

तिचे वडील नानासाहेब निजामाच्या अमदानीत तहसिलीत पेशकार होते. निजाम गेला, पेन्शन आली, पण जिभेवरची कचेरी काही गेली नाही. मी धीर करून खडकेश्वरला त्यांच्या घरी गेलो, तर म्हणाले, "बरखुरदार, तुमचा मिजाज सगळ्या गुलमंडीला मालूम आहे. तुम्हाला मुलगी देताना सोबत ढालपण द्यावी लागेल." मी तिथंच भडकणार होतो, पण आतून बांगड्या वाजल्या. मग त्यांनी मला त्यांचा शुकराना सांगितला. रोज एका माणसाचे आभार मानायचे. मनात नाही, तोंडावर. आणि त्यात 'पण' हा शब्द येता कामा नये. असं नेमानं केलं की राग पाण्यासारखा उतरतो, माणसाला दुसऱ्याचं चांगलं दिसायला लागतं, पित्तसुद्धा शमतं. राग उतरला की वडीलधाऱ्याला घेऊन या, मग बोलू.

मी दुसऱ्याच दिवशी बन्सीशेठपासून सुरुवात केली. म्हटलं, शेठ, तुम्ही मला पोटाला लावलंत, आभारी आहे. शेठजींचं तोंड उतरलं. त्यांनी गल्ल्याला कुलूप घातलं आणि एकेक तागा उलगडून बघायला लागले. दुपारी माझ्या जागेवर बसायला त्यांचा भाचा हजर. "जायचंच होतं तर आधी सांगायचं, आभार कसले मानतोस?" मी जात नाही, हे पटवण्यात दिवस गेला. शेवटी कापड मोजायच्या गजावरून मी त्या भाच्याशी कडाकडा भांडलो, तेव्हा शेठचा जीव भांड्यात पडला नि त्यांनी मला चहा पाजला.

मग माझ्या खाणावळीच्या द्वारकाबाई. मामा, खरं सांगतो, नेमासाठी रोज माणूस शोधायला लागलो, तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की ही बाई मला आमटी वाढताना पळी पातेल्याच्या तळापर्यंत नेते. इतकी वर्षं मी तिखट कमी म्हणून तिच्यावर ओरडत होतो आणि ती मला डाळ शोधून वाढत होती. हा नेमाचा फायदा मात्र खोटा नाही. म्हणून मी अगदी भरून येऊन म्हटलं, मावशी, तुमचे फार उपकार आहेत. तिच्या हातातली पळी पडली. "कुटं चाललास रं?" कुठं नाही म्हटलं. "मग आसं परक्यावानी का बोलतूस? मी काय मेले का तुला?" तिनं ठरवूनच टाकलं की मी पलटणीत भरती झालो. दुसऱ्या दिवशी ती डबा बांधून छावणीत गेली आणि फाटकावरच्या शिपायाला म्हणाली, "लई तापट हाय वो ते. तुमचीच बंदूक तुमच्यावर रोकील. माझं पोरगं मला वापस द्या." त्यानं पोराचं नाव विचारलं. आता छावणीच्या फाटकावर माझं नाव आहे.

इतकं होऊनही मला अक्कल आली नाही. (तुम्ही हे वाक्य मोठ्यानं वाचाल, ठाऊक आहे.) परवा मी नानासाहेबांसमोरच प्रमोदिनीचे आभार मानले. म्हटलं, तुम्ही भेटलात, माझं भलं झालं, ही आठवण कायम राहील. ती पांढरीफटक पडली. "बरं. सुखी राहा," एवढं बोलून आत गेली. मला वाटलं, लाजली. संध्याकाळी कळलं की परभणीचं स्थळ ती आजवर टाळत होती, ते रविवारी बघायला येणार आणि तिनं हो म्हटलंय. मी निरोपच घ्यायला आलो, असं समजली ती!

मामा, मग मात्र नेम गेला खड्ड्यात. काल सकाळी मी खडकेश्वरला गेलो नि ओसरीवरूनच ओरडलो. म्हटलं, नानासाहेब, आपल्या माणसाचे तोंडावर आभार कोण मानतं? तुम्ही तरी आपल्या कुटुंबाचे, या लक्ष्मीबाईंचे, जन्मात कधी मानलेत का? नानासाहेबांनी पगडी नीट केली. मग स्वयंपाकघराकडं वळले आणि म्हणाले, "अहो, इतकी वर्षं तुम्ही माझं सगळं केलंत. शुक्रगुजार आहे."

लक्ष्मीबाई पिठाच्या हातानं धावत बाहेर आल्या. कपाळाला हात लावला, नाडी धरली, "असं काय बोलता हो," म्हणून रडायला लागल्या. शेजारी जमले. नानासाहेबांना आडवं केलं, गोधडी घातली, काढा ठेवला. ते गोधडीतून सारखे सांगताहेत की मला काही झालेलं नाही, पण ऐकतंय कोण! त्या गोंधळात प्रमोदिनी माझ्याजवळ आली. "म्हणजे तुम्ही कुठं जात नाही?" मी ओरडलो, "मरेपर्यंत नाही!" तेव्हा हसली. "मग तसं भांडून सांगायचं ना काल."

बाकी ठीक. गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधावा.

आपला आज्ञाधारक,
श्रीनिवास

ता.क. शनिवारच्या मोटारीनं या. नानासाहेबांनी गोधडीतूनच सांगितलंय, रविवारी परभणीकरांच्या आधी तुमचा वडीलधारा आला आणि त्यानं मिजाज उतरल्याची ग्वाही दिली, तर बोलू. तेव्हा ग्वाही द्या. प्रोफेसरांचा विषय काढू नका.

ता.क. दुसरा : तिथं कुणाचेही आभार मानू नका. लक्ष्मीबाईंनी पोहे दिले तर मीठ कमी आहे म्हणा. त्यांना बरं वाटेल.

ता.क. तिसरा : हे पोस्टातून लिहितोय. खिडकीवरचा माणूस म्हणतो, पत्र शनिवारच्या आत पोचेलच असं नाही. मी त्याला काही बोललो नाही. (आधी बोललो. मग आभार मानले. तो आता साहेबाला बोलवायला गेलाय, म्हणून ही ओळ घाईत.) पत्र पिशोरला येणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरच्या हातीच देतो.

ता.क. शेवटचा : मामींनी पहिलाच परिच्छेद वाचून रडायला सुरुवात केली असेल, तर पुढचं वाचून दाखवू नका. तशाच मोटारीत बसवा. समजावत बसलात तर मोटार चुकेल.