दोन खुणांची सीट

२८ ऑक्टोबर, मंगळवार

ओरोसला पत्रकार परिषद. गाडीला मागची सीट नाही, सायलेन्सर बदललेला. शिपाई धावत बाहेर आला, म्हणाला, ट्रॅक्टर मागच्या बाजूला लावा. सांगितलं, मोटारच आहे, जरा स्पष्टवक्ती आहे.

येताना पुन्हा आरटीओ. उत्तर तेच. अप्पाकाकांच्या या गाडीवर नाव एकाचंच चढेल, दुसऱ्याने संमतीची सही द्यायची. दोघांनी तेरा नोव्हेंबरला, गुरुवारी या, म्हणाले. काका जाताना म्हणाले होते, गाडी दोघांनी चालवा. काका गेले तिथे आरटीओ नसावं.

'दुसरा' म्हणजे दि. दिनकर, माझा चुलतभाऊ, भिंतीपलीकडे राहतो. आमच्यात बोलणं नाही, परराज्यातल्या आंब्याची बातमी दिली तेव्हापासून. नाव छापलं नव्हतं. देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा कोण भरतो हे गावाला नावाशिवाय कळलं, त्याला मी काय करू? बातमी खरी होती. आजही आहे.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

वैनी आली. दि.ची बायको आणि आम्हा दोघांचं टपालखातं.

"हे म्हणतत, नऊ तारखेक सड्यार रेस आसा. कोल्हापूरची माणसां घेतत. दोघांनी ह्याच गाडयेन पळायचा. जो पुढे, गाडी तेच्या नावार."

विचारलं, मी नाही म्हटलं तर?

"ता पण सांगान ठेवल्यानी. बायलमाणूस, नायच म्हणतला, असा."

होकार कळवला, विशेषणांसकट. वैनीने विशेषणं उंबरठ्यावरच गाळली असणार. उपसंपादक म्हणून नाव काढलं असतं तिने.

२ नोव्हेंबर, रविवार

सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या माळावर, सराव. कातळावर, मातीत नारिंगी कोन मांडून नागमोडी वाट करतात. एका वेळी एकच गाडी, शर्यत घड्याळाशी. प्रत्येक कोनाभोवती चुन्याची चौकट. कोन पडला किंवा चौकटीबाहेर सरकला की दोन सेकंद दंड. सगळा खेळ कुणालाही न दुखावता जवळून जाण्याचा. आमच्या घरात हे कुणाला जमलंय?

सकाळी मी, दुपारी तो. तो आकाशकंदिलाच्या काठीसारखा, मी काकांच्या शब्दांत 'लोटी'. सीटच्या रुळावर मी नेलपॉलिशने माझी खूण केली, त्याने मागे स्वतःच्या खुणेला तार गुंडाळली. मी सोडते तेव्हा सीट पुढे, आरसा माझ्या नाकाला. तो सोडतो तेव्हा सीट मागे, आरसा छताला, आणि चाकांतली हवा कमी केलेली. आज मी हवा भरली. संध्याकाळी भिंतीपलीकडून वैनीला ऐकवणं चाललं होतं, की काही लोकांना फुगवण्याची सवयच असते. पत्रकारितेवर टीका समजायची.

५ नोव्हेंबर, बुधवार

गाडी बावतीसच्या गॅरेजात. स्प्रिंगा कडक, पुढची चाकं रुंद, हँडब्रेक इतका घट्ट की ओढला की मागचा भाग गर्रकन फिरतो. अप्पाकाकांनी ज्या गाडीतून देवीला ओटी नेली तिला आता असुराशी लग्न लावल्यासारखं रूप आलंय.

दि. सकाळी येऊन बावतीसला सांगून गेला, हँडब्रेक थोडा सैल कर. मी दुपारी सांगितलं, आणखी घट्ट. बावतीसने पाना खाली ठेवला. "तुमी दोघांय थेट बोला मरे. माका कित्याक मदी घालतास?"

म्हटलं, थेट बोललो तर तुझ्याकडे गाडीऐवजी आम्हीच दुरुस्तीला येऊ.

उगाच आठवलं. याच गाडीत काकांनी आम्हाला शिकवलं, दोघांना एकदम. दि.चा पाय क्लचवर, माझा हात गिअरवर. एकाचं चुकलं की दोघांना धपाटा. तेव्हा बोलावं लागायचं, नाहीतर गाडी…

जाऊ दे.

८ नोव्हेंबर, शनिवार

कोल्हापूरची मंडळी आली. तरुण, टोप्या, वॉकीटॉकी. प्रत्येक वळणावर लाल निशाण घेऊन एक माणूस हवा, कोन हलला की निशाण वर करायचं. म्हणाले, तासन्‌तास एका जागी शांत उभी राहतील अशी गावातली माणसं द्या. गावाने अर्थातच गुरव दिला. राखणदाराच्या पाषाणापुढे तो रोज हेच तर करतो. शेवटचं अवघड वळण त्याला मिळालं.

वैनीचा निरोप: उद्या नारळ हे देणार. सड्याच्या राखणदाराला नारळ देऊन गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा, म्हणजे दि.चा. त्या घरात मीही राहते हे मान ठरवणाऱ्यांच्या नजरेतून सुटलं असावं.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी सीटवरची माझी उशी गायब. उशीशिवाय मला बॉनेटपुढचं काही दिसत नाही. वैनीने डोळे खाली घातले, म्हणजे प्रश्न मिटला. घरातल्या जुन्या अंकांचा गठ्ठा सुतळीने बांधून त्यावर बसले. इतकी वर्षं या वृत्तपत्रात लिहिते आहे, त्याने मला उंची दिली ती आज.

गाऱ्हाणं. दि. डोक्याला रुमाल बांधून उभा, मागे गाव, मागे हेल्मेटं काखेत धरलेले कोल्हापूरकर.

"बा राखणदारा, आज ही लेकरां तुझ्या सड्यार गाडयो पळवतत, तेंका सांबाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"जो कोण लबाडी करीत, तेचो हिसाब तुझ्याकडे रे म्हाराजा."

हे माझ्याकडे बघून. मीही सगळ्यांबरोबर व्हय म्हाराजा म्हटलं. तीन वर्षांत त्याच्या वाक्याला दिलेलं पहिलं उत्तर.

फेऱ्या दोन, प्रत्येकाची चांगली वेळ धरणार. पहिली फेरी. मी पुढे. तो उतरला तो दार आपटून.

दुसरी. आधी मी. शेवटच्या वळणावर हँडब्रेक ओढला, गठ्ठा सरकला, पण गाडी कोनांमधून सुईत दोरा जावा तशी गेली. वेळ आणखी सुधारली. उतरून, सीट पुढेच ठेवून (का मागे घेऊ?) गुरवाच्या वळणावर जाऊन उभी राहिले. दि.ने सीट मागे ढकलली, गठ्ठा खिडकीतून बाहेर टाकला.

तो आला. जोरात आला, हे कबूल. वळणावर लाल धुरळा, काही दिसेना. विरला तेव्हा कोन उभा होता, पण चौकटीबाहेर, चांगला वीतभर. गुरवाने पाहिलं. वाकला, कोन दोन्ही हातांनी उचलून चौकटीत मधोमध ठेवला, मातीचा कण फुंकला आणि पुन्हा शांत उभा राहिला. निशाण काखेतच. पाषाणापुढची मांडणी हलली की सारखी करायची, हे तो लहानपणापासून करत आला आहे. त्याच्या लेखी काम चोख झालं.

निकाल: दि. माझ्यापुढे, अर्ध्या सेकंदाने.

गाडीपाशी गेले. बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर नारिंगी ओरखडा. दि. रुमालाने मान पुसत उभा होता. आसपास कोणी नव्हतं.

"दिनूदादा, कोन लागलो मा?"

त्याने ओरखड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "तू बगलंस मा? मग छाप."

गेला.

तक्रारीची मुदत बक्षिसं वाटेपर्यंत. टेबलाशी गेले. टोपीवाल्या मुलाने विचारलं, बोला मॅडम. पाणी मागितलं. पाणी पिऊन परत आले.

हा उदारपणा नव्हे. तक्रार केली असती तर गुरवाने खरं तेच सांगितलं असतं आणि गाडी माझी झाली असती. पण दि.ला हेच हवं होतं. हिला एवढंच येतं, हे गावासमोर पुन्हा एकदा दिसायला हवं होतं त्याला. मी ते सुख त्याला देणार नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

स्पर्धेची बातमी पाठवली. आयोजन उत्तम, प्रतिसाद उदंड. स्थानिक गटाचा विजेता, नावासकट. यावेळी नाव छापून येईल. वाचू दे.

गाडी अंगणात आंब्याखाली, दोन्ही घरांच्या मधोमध. शर्यतीची माती तशीच. दि. गाडी आणल्या आणल्या धुतो, सरावातही रोज धुवायचा. आज नाही. वैनी सांगत होती, हे जेवले नाहीत नीट, सकाळी सड्यावर जाऊन आले. एकटेच. कशाला, विचारलं तर अंगावर आले.

म्हटलं, हिशेब बघायला गेला असेल. वैनीला कळलं नाही. हा निरोप तिने पोचवू नये असं वाटलं, पण पोचवला असणार.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तहसीलला जायचं म्हणून सकाळी दार उघडलं. गाडी धुतलेली, टपापासून चाकांपर्यंत. बंपरच्या कोपऱ्यावरचा नारिंगी ओरखडा तेवढा ठेवलेला. भोवतीचं सगळं पुसून तो बरोबर चुकवलेला, देवघर सारवताना रांगोळी चुकवावी तसा.

सीट पुढे. नेलपॉलिशच्या खुणेवर. तिच्यावर माझी उशी, अभ्रा धुऊन वाळवलेला.

उद्या ओरोस. संमतीची सही एकाने द्यायची आहे.

भिंतीपलीकडे कपबशांचा आवाज. दि. खाकरला, म्हणजे मी अंगणात आहे हे त्याला ठाऊक होतं. हाक मारायला हरकत नव्हती. त्यालाही नव्हती.

टोमणा आहे की आणखी काही, विचारायला वैनीला पाठवलं नाही. उशी घेतली. सीटचा खटका ओढून ती पार मागे, त्याच्या तारेपर्यंत ढकलली. आरसा छताला.

तहसीलला एस.टी.ने गेले.